पाय कोणाचा, आकडा कशाचा?

हिवताप डासामुळे होतो, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. पण एखाद्या गावातल्या माणसाला एका रात्रीत हिवतापाचे डास किती वेळा चावतात आणि त्यांतले किती डास रोगाचे जंतू घेऊन आलेले असतात, हे मोजायला बसलं की भलेभले अडखळतात. मच्छरदाण्या कोणाला द्यायच्या, फवारणी कुठे आणि केव्हा करायची, नवं कीटकनाशक चाललं की नाही, हे बरंचसं या मोजणीवर अवलंबून असतं. मोजणीची जुनी आणि आजही प्रमाण मानली जाणारी रीत अशी : माणसाने पाय उघडे टाकून रात्रभर बसायचं आणि पायावर उतरलेला डास चावण्याआधी पकडायचा.

या रीतीबद्दल दोघांचा हा संवाद. मामा गडचिरोली जिल्ह्यात हिवताप विभागात कीटक समाहारक होते, आता निवृत्त आहेत. भाची साथरोगशास्त्राची अभ्यासक. टांझानियातल्या किलोम्बेरो खोऱ्यातल्या डासांच्या नोंदींवर ती काम करते. हिवताप जावा, असं दोघांनाही मनापासून वाटतं. वाद आहे तो मोजमापाचा, आणि ते कोणाच्या अंगावर करायचं याचा.

भाची : मामा, सरळच विचारते. माणसाचा पाय आमिष म्हणून वापरणं आता बंद व्हायला हवं, असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

मामा : बंद करा म्हणणं सोपं आहे. त्याच्या जागी काय ठेवणार, ते आधी सांग. पण त्याहीआधी ही रीत नीट समजून घे. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा. एक जण घरात, एक अंगणात. पँट गुडघ्यापर्यंत वर. हातात टॉर्च आणि शोषक नळी. प्रत्येक तासाला वेगळा कागदी कप, त्यावर वेळ आणि जागा लिहिलेली. तासातली पंचेचाळीस-पन्नास मिनिटं पकडायचं, उरलेली विश्रांती. ठरल्या वेळी पाळी बदलायची. सकाळी त्या कपांत जे डास असतात, त्यांच्याबद्दल एक गोष्ट पक्की असते : ते माणसाला शोधत आले होते. दिव्याला भुलून आले नव्हते, की गाईचं रक्त पिऊन भिंतीवर निजले नव्हते. ही खात्री दुसरी कुठलीच रीत देत नाही.

भाची : पण तुमच्या खात्याची नेहमीची रीत वेगळी होती ना?

मामा : वेगळी होती, म्हणून तर पायाची किंमत मला कळते. आम्ही भल्या सकाळी घराघरांत आणि गोठ्यांत जायचो. टॉर्च मारून भिंती, छताचे वासे, खाटेखालचा अंधार, खुंटीवरचे कपडे तपासायचो आणि बसलेले डास नळीने उचलायचो. एका माणसाने एका तासात किती पकडले, ती त्या गावाची घनता. आकडा उपयोगाचा आहे. फवारणीनंतर घनता उतरली की नाही ते कळतं, कीटकनाशकाच्या चाचणीला जिवंत डास मिळतात. पण तो विसावलेल्या डासांचा आकडा आहे. आपल्याकडचा ॲनोफिलिस क्युलिसिफेसिस बहुतेक गुरांवरच जगतो. गोठ्यात ढिगाने सापडला, म्हणून माणसाला तितकाच चावतो असं नाही. उलट डोंगरातल्या झऱ्या-ओढ्यांत वाढणारा ॲनोफिलिस फ्लुवियाटिलिस घे. त्याच्यातल्या ‘एस’ प्रकाराला माणसाचंच रक्त आवडतं. तो थोडा असला तरी रोग पसरवायला पुरतो. गोठ्यातला मोठा आकडा बघून हुरळायचं आणि झोपडीतल्या छोट्या आकड्याकडे दुर्लक्ष करायचं, असं झालं की गाव तापाने फणफणतं.

भाची : इथपर्यंत मी तुमच्याच बाजूची आहे. डास किती आहेत आणि माणसाला किती चावतात, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. माझी हरकत पुढे आहे. पाय कोणाचा, हे आपण विचारतच नाही. या शास्त्राची सुरुवातच बघा. ऑगस्ट १८९७. सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाला डास चावू दिले, दर डासामागे एक आणा देऊन. २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या जंतूच्या पेशी दिसल्या. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल मिळालं. हुसेन खानाचं पुढे काय झालं, हे विचारणारे किती?

मामा : हुसेन खानाचं नाव तरी राहिलं. आमच्याबरोबर रात्री जागलेल्या गावच्या पोरांची नावं कुठल्या अहवालात आहेत? पण म्हणून प्रयोग चुकीचा होत नाही. १९०० साली पॅट्रिक मॅन्सन यांनी रोमहून लंडनला जंतू असलेले डास मागवले आणि स्वतःच्या मुलाला चावू दिले. मुलाला हिवताप झाला, क्विनाइनने तो बरा झाला, आणि डास रोग देतो याबद्दलची शंका मिटली. पोटचा पोर पुढे केला त्यांनी. काही सत्यं अंगावर घेतल्याशिवाय कळत नाहीत.

भाची : त्याच वर्षी त्याच मॅन्सन यांनी दुसराही एक प्रयोग घडवून आणला, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. रोमजवळ ओस्तियाचा दलदलीचा भाग हिवतापासाठी कुप्रसिद्ध होता. तिथे लो आणि सांबोन हे दोन डॉक्टर आपल्या सोबत्यांसह जाळी लावलेल्या झोपडीत राहिले. दिवसा बाहेर हिंडायचे, तीच हवा, तोच चिखल. सूर्य मावळायच्या आत झोपडीत, उजाडल्यावर बाहेर. क्विनाइन घेतलं नाही. आजूबाजूला लोक तापाने आडवे होत होते. या झोपडीत हिवताप शिरला नाही. मामा, त्यांनी चाव्यांची मोजदाद केली नव्हती. माणूस कोणत्या वेळी कुठे असतो, एवढंच बदललं होतं.

मामा : आलं लक्षात. तुझं म्हणणं, मोजणी डासापासून सुरू करण्यात घोळ आहे.

भाची : निदान तिथेच संपवण्यात आहे. आधी पायाच्या रीतीतून निघणारा आकडा काय सांगतो ते बघू. रात्रीत एका माणसाला २० डास चावतात आणि शंभरांतल्या एका डासाच्या लाळग्रंथीत जंतू तयार असतात, असं धरा. म्हणजे रात्रीला ०.२, वर्षाला ७३ संसर्गी दंश. आफ्रिकेत हा आकडा काही ठिकाणी वर्षाला एकाहूनही कमी असतो, तर काही ठिकाणी हजारापर्यंत जातो. गावागावांत एवढा फरक! तेव्हा असा आकडा हवाच, हे मला मान्य आहे. पण तो कोणाचा आकडा? जो माणूस रात्रभर जागा आहे, पाय उघडे टाकून बसला आहे आणि मच्छरदाणीत शिरतच नाही, त्याचा. असा माणूस गावात एकच असतो, तो म्हणजे तुमचा डास पकडणारा.

मामा : हे तू नेमकं बोललीस. पण त्यात पायाचा दोष काय? पाय सांगतो की डास कुठे, किती वाजता, किती येतात. तेवढंच त्याचं काम. माणूस कुठे आहे ते तुम्ही शोधा.

भाची : शोधायलाच हवं, कारण ते जोडलं की आकडा पालटतो. समजा, एका गावात संध्याकाळी सात ते दहा अंगणात तासाला ४ डास येतात आणि रात्री दहा ते पहाटे पाच घरात तासाला ३. मच्छरदाणी नसेल तर अंगणात १२ आणि घरात २१, असे ३३ चावे. जास्त चावे घरात, म्हणून सगळा जोर घरावर. आता त्याच माणसाला नव्वद टक्के चावे अडवणारी मच्छरदाणी द्या. घरातले २१ जवळपास २ वर येतात, अंगणातले १२ तसेच राहतात. एकूण चावे १४ वर उतरले, पण उरलेल्या चाव्यांपैकी पंच्याऐंशी टक्के अंगणातले. मच्छरदाणीने आपलं काम चोख केलं, आणि तरीही हिवताप राहिला. तो कुठे राहिला, हे नुसता डासांचा तक्ता सांगू शकत नाही. त्याच्याशेजारी माणसांचा तक्ता लागतो. हे मनचं गणित वाटत असेल, तर आफ्रिकेतल्या खूपशा नोंदी एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास बघा. तिथल्या मुख्य डासांचे सरासरी ७९ टक्के चावे माणूस अंथरुणात असताना पडतात आणि २००० सालापासून हा वाटा सुमारे दहा टक्क्यांनी घटला आहे. प्रत्येकाला मच्छरदाणी आणि प्रत्येक घराला फवारणी मिळाली, तरी या बदलामुळे वर्षाला सुमारे १ कोटी ६ लाख जादा रुग्ण होतील, असा त्यांचा अंदाज आहे.

मामा : बरं. आता मी विचारतो. डास अवेळी चावू लागले, हे कळलं कसं? सेनेगलमधल्या डिएल्मो गावात मच्छरदाण्या वाटल्यावर काही वर्षांनी ॲनोफिलिस फ्युनेस्टस उजाडल्यानंतर, सकाळी उशिरापर्यंत चावताना आढळला. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात तर सलग अठ्ठेचाळीस तास माणसं बसवली, तेव्हा वीस ते तीस टक्के चावे भर दिवसा घरात पडतात असं दिसलं. २०२२ मध्ये ते छापून आलं. कोणत्या सापळ्याने सांगितलं हे? दिवसा उजेडी दिव्याचा सापळा काय करणार? तिथे माणूस बसला होता. ‘हा डास फक्त रात्री चावतो’ असं वर्षानुवर्षं पुस्तकात लिहिलेलं, ते पायाने खोडून काढलं. तुझ्या ७९ टक्क्यांमागेही कोणाचे तरी पायच आहेत.

भाची : हे मी नाकारू शकत नाही. आहेत. म्हणूनच ते पाय कोणाचे आणि त्यांना काय मिळालं, याची मला जास्त काळजी वाटते.

मामा : काळजी कर, पण आकडेही बघ. पकडणाऱ्याला प्रतिबंधक गोळ्या देतात. पश्चिम केनियात नोंद ठेवून तपासलं. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. गोळ्या घेऊन डास पकडणाऱ्यांना गावातल्या इतरांपेक्षा खूपच कमी हिवताप झाला. शेजारी झोपलेल्या माणसापेक्षा जागणारा सुरक्षित राहिला. शिवाय पकडणारा तरबेज असेल तर डास सोंड खुपसायच्या आत नळीत जातो.

भाची : प्रत्येक वेळी? पहाटे तीनला, डोळ्यांवर झापड असताना? आणि गोळी हिवतापावर आहे. डेंगी, चिकुनगुनिया यांवर अशी गोळी नाही. जिथे हिवतापाचे जंतू औषधाला दाद देईनासे झालेत, तिथे गोळीचाही भरवसा कमी. त्याहून अवघड गोष्ट म्हणजे संमती. गावात दुसरं काम नाही, रात्रीची मजुरी बरी मिळते, सही घेणारा बाहेरून आलेला साहेब आहे. अशा वेळी ‘हो’ म्हणणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मुभा खरंच असते का?

मामा : हा प्रश्न तू खाणीतल्या मजुराबद्दल विचारतेस? गटारात उतरणाऱ्याबद्दल? गरीब माणसाच्या प्रत्येक कामात हा प्रश्न आहे. त्याचं उत्तर काम काढून घेणं नाही. रास्त मजुरी, विमा, नियमित रक्ततपासणी, आजारी पडला तर पूर्ण उपचार, आणि मध्येच उठून जायचा हक्क, हे त्याचं उत्तर आहे. आणखी एक ऐक. हे कसबाचं काम आहे. अंधारात पोटरीवर उतरलेला डास न मारता, न चिरडता उचलणं प्रत्येकाला जमत नाही. बसण्याच्या ढबीवरून ॲनोफिलिस आणि क्युलेक्स वेगळे ओळखणारी, सातवी-आठवी शिकलेली पोरं मी पाहिली आहेत. तुम्ही त्यांना नुसतं ‘आमिष’ म्हणता, तेव्हा त्यांच्या कसबाचा मान जातो.

भाची : तो शब्द मी मागे घेते, हरकत मात्र मागे घेत नाही. आणि पर्याय अगदीच नाहीत असंही नाही. किलोम्बेरोत घरात मच्छरदाणीत माणूस झोपलेला असतो आणि पायथ्याशी दिव्याचा छोटा पंखा-सापळा टांगलेला असतो. माणसाच्या वासावर डास येतो, जाळीमुळे चावू शकत नाही, सापळ्यात ओढला जातो. बाहेरच्या मोजणीसाठी विजेच्या तारांची चौकट आहे. माणूस मध्ये बसतो, डास पायाला लागण्याआधीच तारेवर मरतो. दुहेरी मच्छरदाणीही आहे. आतल्या जाळीत माणूस, बाहेरची जाळी जमिनीपासून थोडी उचललेली. दोन्हींच्या मध्ये डास अडकतात.

मामा : आणि दुहेरी जाळीतले डास गोळा करायला कोण जातं? माणूसच. तो चावून घेतो, फक्त तुमच्या कागदावर येत नाही. विजेच्या चौकटीत पायापेक्षा कमी डास सापडतात. दिव्याच्या सापळ्याचं आणि पायाचं प्रमाण एका गावात एक, दुसऱ्या गावात दुसरंच. एका जातीला दिवा ओढतो, दुसरीला नाही. त्या सापळ्यातले दहा म्हणजे पायावरचे किती, हे ठरवायला पुन्हा पायच लागतो. वजनाचा काटा बदललात तरी चालेल. पण प्रमाणित वजन फेकून दिलंत, तर नवा काटा खरा की खोटा हे कशावरून ठरवणार?

भाची : म्हणजे पाय फक्त ताडून बघण्यापुरता. हे मला पटण्यासारखं आहे. पण आता तुमच्याच गडचिरोलीसाठी एक हिशेब करू. आपल्या देशाने २०३० पर्यंत हिवताप हटवण्याचं लक्ष्य ठेवलं आहे. रोग जसा कमी होईल, तसे जंतू असलेले डासही विरळ होतील. समजा, एका गावात रात्रीत माणसाला दोनच डास चावतात आणि हजारांतल्या एकात जंतू आहेत. वर्षाला एकापेक्षाही कमी संसर्गी दंश, ०.७३. तो एक डास हाती लागायला साधारण हजार डास हवेत. रात्रीला दोन, म्हणजे एका माणसाच्या पाचशे रात्री. पाचशे रात्री जागून सापडणार काय, तर एक डास. तोही नशीब असेल तर. इतक्या थोड्यावर कोणता निष्कर्ष काढायचा?

मामा : (थोडं थांबून) हा हिशेब जड आहे. आणि त्यात आणखी एक गोम आहे. गुरांवर जगणाऱ्या डासांत जंतूचं प्रथिन शोधणारी चाचणी केली की कधी कधी जंतू नसतानाही चाचणी ‘आहेत’ म्हणते. डासाचा अर्क उकळत्या तापमानाला धरून पुन्हा तपासावा लागतो. ते केलं नाही, तर पाचशे रात्रींनंतर हाती लागलेला एकुलता एक डासही खोटा निघायचा.

भाची : म्हणजे जिथे रोग संपत आला आहे, तिथे पायाची रीत सर्वांत दुबळी ठरते. आणि शेवटच्या टप्प्यातच तर आपल्याला नेमकं कळायला हवं की संपर्क कुठे उरला आहे. तिथे दुसरे मार्ग धरावे लागतील. डास चावतो तेव्हा लाळ सोडतो. त्या लाळेतल्या प्रथिनांविरुद्ध माणसाच्या रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. बोटातल्या एका थेंबावरून कोणाला ॲनोफिलिस जास्त चावतात याचा अंदाज बांधता येतो. बुर्किना फासोत तर त्याहून पुढचं पाऊल टाकलं. घरात सापडलेल्या, रक्त प्यालेल्या डासांच्या पोटातलं रक्त कोणाचं, हे डीएनएवरून त्या घरातल्या माणसांशी जुळवून पाहिलं. चावे सगळ्यांत सारखे वाटलेले नव्हते. काहींना फार, काहींना थोडे. गांबियात २००० साली दिसलं होतं की गरोदर स्त्रियांकडे इतर स्त्रियांच्या सुमारे दुप्पट हिवतापाचे डास खेचले जातात. गर्भारपणातला हिवताप आई आणि बाळ दोघांना घातक असतो. तुमच्या पाय उघडे टाकून बसणाऱ्या रांगेत गरोदर बाई कधीच नव्हती, असूही नये. मग तिला किती चावतात, हे त्या तरुणाचा पाय कसा सांगणार?

मामा : हे तू माझ्या वर्मावर बोट ठेवलंस. पण डीएनएचा हा मार्ग तुला फार स्वच्छ वाटतो, तसा तो नाही. रक्त प्यालेला डास ज्या घरात सापडला, त्या घरात रात्री कोण होतं, हे त्याच्या पोटातून कळतं. शेजारच्या घरच्या माणसाचं रक्त इथल्या डासात निघालं, तर? गावात याचा अर्थ काय लावतील? पाय उघडा टाकणारा माणूस काय देतोय हे त्याला ठाऊक असतं. डासामार्फत ज्याची रात्र तुम्ही वाचता, त्याने तेवढं द्यायला होकार दिलाय का? संमतीचा प्रश्न मला विचारलास, आता तोच तुला.

भाची : बरोबर आहे. जुळवणीसाठी रक्त देताना माणसाला वाटतं की ताप तपासताहेत. कोणाकडे झोपलास हेही त्यातून निघू शकतं, असं सांगितल्याशिवाय घेतलेली संमती अपुरीच. इथे नावं खोडून टाकणंही पुरत नाही. लहान गावात घर कळलं की माणूस कळतो.

मामा : म्हणून मी म्हणतो, कुठलीच मोजणी फुकट नसते. कोणाच्या तरी अंगावरून नाहीतर घरावरून ती जाते.

भाची : मग सर्वांत कमी भार टाकणारी आणि सर्वांत जास्त सांगणारी गोष्ट आधी करू. लोकांना विचारू की रात्री तुम्ही कुठे असता. तुमच्या भागातलं तुम्हीच सांगा.

मामा : ते मला विचार. धान निसवलं की कापणी होईपर्यंत पुरुष शेतावर जागलीला जातात. रानडुकरं एका रात्रीत पीक लोळवतात, म्हणून मचाणावर नाहीतर उघड्या खोपडीत रात्र काढतात, शेकोटी पेटवून. मच्छरदाणी घरी असते, बायका-मुलांवर. उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोहफुलं वेचायला बाया-मुलं उजाडायच्या आत रानात. मग तेंदूपत्त्याचा हंगाम, पहाटे निघायचं. लग्नसराईत, सणाला रात्रभर अंगणात. आमची फवारणी घराच्या भिंतींवर, आमची घनता गोठ्यात. आणि धानाच्या हंगामात, म्हणजे हिवतापाच्याच दिवसांत, घरचा कर्ता माणूस कुठे? बांधावर.

भाची : हेच! भामरागडच्या एखाद्या पाड्यात ही नोंद महिन्यावार ठेवली, तर कोणताही डास न पकडता एवढं कळेल की घरातल्या फवारणीचं संरक्षण कोणाला, कोणत्या तासाला मिळत नाही.

मामा : पण त्या तासाला बांधावर डास आहेत की नाहीत, हे कळणार नाही. शेकोटीच्या धुरात कदाचित फार नसतीलही. माणूस बाहेर आहे एवढ्यावरून तो धोक्यात आहे असं लिहिशील, तर तोही अर्धाच आकडा. शिवाय लोक विचारलेल्याचं उत्तर विचारणाऱ्याला आवडेल असं देतात. ‘मच्छरदाणी वापरता?’ म्हटलं की सगळे हो म्हणतात. मच्छरदाणी घडी करून पेटीत असते.

भाची : म्हणून विचारण्यासोबत बघायलाही हवं. रात्री गावातल्याच कोणीतरी, आशा ताईने किंवा पाड्यातल्या शिकलेल्या मुलीने, ठरलेल्या तासाला घरोघरी नोंद करावी : कोण बाहेर, कोण आत, कोण मच्छरदाणीत. आणि त्याच रात्री, त्याच तासांचा डासांचा तक्ता. हे दोन तक्ते एकाच गावातले, एकाच हंगामातले असावेत. बरेचदा डास एका प्रकल्पाने मोजलेले असतात आणि माणसांच्या सवयी भलत्याच वर्षी, भलत्याच गावात दुसऱ्या कोणी.

मामा : त्या रात्री बांधावर डासांचा तक्ता कोण भरणार? तिथे वीज नाही, सापळा टांगायला छप्पर नाही.

भाची : बॅटरीवरचा सापळा आणि त्याच्याशेजारी मच्छरदाणीत झोपलेला माणूस. आधी तेवढं करून पाहू.

मामा : उघड्यावर तो सापळा घरातल्यासारखा चालेलच असं नाही. कमी डास मिळाले, तर डास कमी होते की सापळा कमी पडला?

भाची : तेवढ्यापुरता तुमचा पाय. हंगामात मोजक्या रात्री, सापळ्याशी ताडून बघायला. आणि शहराकडे पाहिलंत तर पायही हरतो. मुंबईतला ॲनोफिलिस स्टीफेन्सी टाक्यांत, विहिरींत, बांधकामावरच्या साठलेल्या पाण्यात वाढतो. १९११ च्या बेंटली अहवालातही मुंबईच्या विहिरींवर बोट ठेवलेलं होतं. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबूतीला आढळला आणि पुढे इथिओपियात पसरला. तिथे त्याच्या अळ्या टाक्यांत भरपूर मिळतात, मोठे डास पायावर आणि दिव्याच्या सापळ्यात फारसे येतच नाहीत. तिथे पायावर आला नाही म्हणून संपर्क नाही, असं म्हणणं महागात पडेल.

मामा : मान्य. शहरात आधी टाक्याच मोजा. पण रानात माझं म्हणणं मी सोडत नाही. पाय पूर्ण बंद झाला, तर पंधरा-वीस वर्षांत तो सापळ्याशी ताडून बघणारा माणूसच उरणार नाही, आणि डासाने चावायची वेळ बदलली तर कळायला रुग्ण वाढण्याची वाट पाहावी लागेल. तो उशीर मुलांच्या जिवावर येतो.

भाची : आणि मीही माझं म्हणणं सोडत नाही. पाय ही शेवटची निवड असावी. तो कधी मागायचा, याला काहीतरी कसोटी हवी.

मामा : कसोटी मी सांगतो. पाय मागायच्या आधी गावासमोर उभं राहून सांगायचं : या आकड्यावरून आम्ही काय ठरवणार आहोत. आकडा एवढा आला तर हे करू, तेवढा आला तर ते. जागलीच्या बांधावर रात्री दहाच्या आत डास निघाले, तर शेतावर जाणाऱ्या प्रत्येकाला वेगळी मच्छरदाणी, मचाणावर टांगता येईल अशी. मध्यरात्रीनंतर घरातच जास्त निघाले, तर फवारणी पावसाळ्याच्या तोंडाशी आणि एकही घर न सोडता. दोन्हीतून काहीच बदलणार नसेल, निकाल नुसता अहवालात जाणार असेल, तर कोणाच्याही पोराने पाय उघडा टाकून बसू नये. मी सांगितलं तरी बसू नये.

भाची : यात माझी एक ओळ घाला. मोजणी झाल्यावर आकडा आधी ग्रामसभेला, मग जिल्ह्याला. जे ठरवू म्हणालो होतो ते पुढच्या हंगामाआधी झालं की नाही, हे विचारायचा हक्क रात्री जागणाऱ्यांचा. झालं नसेल, तर पुढची रात्र मागायचा आपल्याला अधिकार नाही.

मामा : घातली. या अटीवर कोणी बोलावलं, तर मी अजूनही नळी घेऊन बसेन.

भाची : आणि मी माणसांचा तक्ता भरेन. तुमचा पाय मला अजूनही नकोच आहे, मामा. पण ही अट पाळली गेली, तर निदान तो कशासाठी मागितला, याचं उत्तर आपल्याकडे असेल.